नळ बंद केला तो वैशाख

चैत्र सरत आला की मी माणसांच्या डोळ्यांत बघायला लागते. नजरेत नव्हे, डोळ्यांच्या पांढऱ्यात. भाजीवाली शेवग्याच्या शेंगा तोलत असते, शेजारीण तिच्या पोरीच्या लग्नाचं सांगत असते, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या बुबुळांभोवतीच्या रंगावर असतं. सुनंदा दीदी किती मन लावून ऐकतात, असं लोकांना वाटतं. मी ऐकत नसते. मी घाबरलेली असते.

एरवी रायपूरचा उन्हाळा मला कधी परका वाटला नाही. मी वर्ध्याची, ऊन माहेरचंच. लग्न होऊन इथं आले तेव्हा नवी वाटली ती बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ घालून, कांदा नि हिरव्या मिरचीबरोबर तो पाण्यासकट खायचा. मग म्हणे दिवसभर ऊन बाधत नाही. पहिल्या वर्षी मी नाक मुरडलं, दुसऱ्या वर्षी मागून खाल्ली. कूलरच्या ओल्या खसाचा वास, दुपारी गल्लीत पसरणारी सुनसान शांतता, संध्याकाळी अंगणात पाणी मारल्यावर उठणारी वाफ. उन्हाळा म्हणजे पाणी, असंच या शहरानं मला शिकवलं. आता तेच पाणी म्हटलं की आधी ते कुठलं, असं विचारते.

मी पार्षद होते त्या वर्षांतला तो एक वैशाख. महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात, त्याला इकडे पार्षद म्हणतात. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा मंडळी माझ्याकडे आलीच नाहीत. आली ती आमच्या ह्यांच्याकडे. हे रेल्वेत नोकरीला. "भाभीजी को खड़ा कर दो, काम तो आप ही देखोगे," असं माझ्यासमोर बोलणं झालं. मी चहा ठेवायला आत गेले आणि तिथंच ठरवलं की उभी राहीन, पण काम मीच बघेन. निवडून आल्यावरही कितीतरी महिने दारातला माणूस माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचा, "भैया हैं क्या?" मी म्हणायची, "भैया ड्यूटीवर गेले. पार्षद घरी आहे."

पार्षदाच्या हातात असतं काय? एक शिक्का, एक सही, एक फोन. राशनकार्डाची शिफारस, बंद पडलेला दिवा, तुंबलेली नाली, कुणाच्या दारात मरून पडलेलं कुत्रं. आमदाराला लोक दुरून नमस्कार करतात, पार्षदाला दात घासताना गाठतात. हुकूम द्यायचा अधिकार जवळपास कशाचाच नाही आणि जाब मात्र प्रत्येक गोष्टीचा द्यायचा. मला ते आवडायचंही. कुणाच्या घरचं काय दुखतं ते मला ठाऊक असायचं. त्या वैशाखात मात्र वाटलं, ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याहून पायी जाण्याइतका जवळ. जुनी वस्ती. समोरून स्कूटर आली तर आपली भिंतीला टेकवावी लागते, अशा गल्ल्या. दोन्ही बाजूंना उघडी नाली आणि नालीतून घराघरात शिरणारे नळाचे पाईप. ते कुणी टाकले, कधी टाकले, कुणाला सांगता येत नव्हतं. घरं वाढत गेली तसे नळ वाढले, आणि नळाला घरात शिरायला तेवढीच वाट होती. काळ्या पाण्यात बुडालेले ते गंजके पाईप आम्ही रोज ओलांडत होतो. इतके रोज, की ते दिसेनासे झाले होते.

बिसाहिन त्या पाऱ्याची मितानिन. दारोदार फिरून लोकांच्या तब्येतीची विचारपूस करणारी, बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी जी बाई असते, तिला छत्तीसगढमध्ये मितानिन म्हणतात. मितानिन म्हणजे मैत्रीण. बिसाहिन आमच्या घराजवळच राहायची. तिचा मुलगा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात, घरी यायचा तेव्हा पापण्यांवर काळी धूळ असायची. सून पूर्णिमा, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. हसली की तोंडावर पदर घ्यायची आणि पदराआडही हसतच राहायची.

एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. बिसाहिन आली ती दारातच थांबली.

"दीदी, ऊपर गली म दू झन लइका के आँखी पींयर होगे हे."

वरच्या गल्लीत दोन मुलांचे डोळे पिवळे झाले होते. पाठोपाठ शिंपी आजारी पडला, मग गुपचुपवाल्याची बायको. गुपचुप म्हणजे इकडची पाणीपुरी. मी समता कॉलोनीत फोन लावला. तिथं माझ्या नणंदेच्या यजमानांचा दवाखाना आहे, आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो.

"वहिनी, पाण्याची कावीळ दिसते," ते म्हणाले. "पोट्टेपाट्टे होऊन जातील बरे. मले भीती आहे ते गर्भारणींची. शेवटल्या महिन्यांत ही कावीळ लय वाईट."

"आजपासून सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगते."

"सांगा. पण एक ध्यानात ठेवा. आज जे पिवळे दिसून राहिले, ते महिनाभर आधी पाणी पिलेले आहेत. आज जे पितील, ते पुढं दिसतील."

फोन ठेवला तरी मी तशीच उभी होते. म्हणजे जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलं होतं, फक्त अजून दिसत नव्हतं. खिडकीतून गल्ली दिसत होती. कुणी बादली भरत होतं, कुणी लेकराला नळाखाली बसवून न्हाऊ घालत होतं. सगळं रोजच्यासारखं. त्या रोजच्यासारखेपणाचीच मला भीती वाटली.

बिसाहिन आणि मी निघालो. ज्या ज्या घरी पोटुशी बाई, त्या घरी आधी. इथली रीत अशी की पाहुणा टेकला की त्याच्यापुढे लोटाभर पाणी येतं. मी बसले की लोटा यायचा. निवडणुकीच्या वेळी मी याच दारांत उभी राहून असेच लोटे रिकामे केले होते. आता लोटा पुढं आला की मी हात आखडायची. यजमानीण ओशाळायची, आणि मी सांगायची, "हे पाणी नका पिऊ. उकळा. बासीचं पाणीसुद्धा उकळलेलंच घ्या." एक म्हातारी म्हणाली, "गॅस का तोर घर ले आही, बेटी?" गॅस काय तुझ्या घरून येणार?

घरी आमचे हे वैतागले होते. "पाणी तपासलं बी नाही अजून. तू काहून लोकायले घाबरवून राहिली?"

"मी कुठं घाबरवते? मीच घाबरून राहिली."

"पाणी चांगलं निघालं तं? लोकं हसतील तुले."

"हसू द्या. आणि वाईट निघालं तर?"

ह्यांनी पुढ्यातला पेला उचलला होता. तो न पिताच खाली ठेवला.

पाणी खात्याचे इंजिनिअर भले गृहस्थ होते. उन्हात टोपी न घालता आले, नाल्या बघितल्या, बाटल्यांत नमुने भरून घेतले. तपासणीला वेळ लागतोच, म्हणाले. नळ बंद करायचा मी विषय काढला तेव्हा त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, ऐसी गर्मी में पानी बंद करना भी एक बीमारी है. आप लिखके दे दीजिए, मैं वॉल्व बंद करवा दूँगा. पर कल लोग मेरे दरवाज़े पे नहीं आएँगे." ते खरंच बोलत होते. मी एक दिवस थांबायचं ठरवलं. कारण दुसऱ्या दिवशी अक्ती होती.

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी इकडे पोरं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. गल्लीगल्लीत हातभर मांडव, हिरव्या डहाळ्या, हळद, सगळं खरंखुरं. आणि मुहूर्त म्हणून माणसांचीही लग्नं त्याच दिवशी. आमच्या पाऱ्यात रामलाल भैयाच्या मुलीचं होतं. माझ्या निवडणुकीत हा माणूस माझ्यासाठी चप्पल झिजेस्तोवर फिरला होता. मी आहेर घेऊन गेले तर मांडवाच्या तोंडाशी मोठ्या स्टीलच्या टाकीत गुलाबी सरबत, वर बर्फाची लादी तरंगत असलेली.

"भैया, पाणी कुठलं घेतलं?"

"नल का, और कहाँ का?"

वरातीचा बाजा कोपऱ्यावर आला होता. मी रामलाल भैयाला बाजूला घेतलं, सांगितलं. त्याचा चेहरा आधी समजुतीचा झाला, मग विनवणीचा. "दीदी, बारात दरवाज़े पे है. आज के दिन मत करो."

"हेच आज नका पाजू, भैया. एवढे पाहुणे, लेकरं..."

भोवती माणसं गोळा झाली. मागून एका बाईचा आवाज आला, "वोट माँगने आई थी, तब तो यही पानी पीके गई थी!" कुणीतरी हसलं. आमच्या घरीही तोच नळ, मीही तेच पाणी पीत आले होते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी टाकी उलटवली असं पुढं लोक सांगायचे. खोटं आहे. ती टाकी मला हलली नसती. मी फक्त टाकीची तोटी सोडली आणि तिच्यापुढे उभी राहिले. सरबत फरशीवरून, मांडवातून वाहत नालीकडे निघालं. पलीकडे पोरांचा बाहुल्यांचा मांडव होता. गुलाबी ओघळ आला तशी एका मुलीनं नवरा-नवरीला झटकन उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी अजून विसरले नाही. रामलाल भैया पुढं गेला, वरातीसमोर हात जोडून उभा राहिला, म्हणाला, जरा थांबा, पाणी मागवतो. बाहेरून पाण्याचे जार आले, लग्न लागलं. मुलीच्या पाठवणीला मात्र मला कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. वॉल्व बंद झाला.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते तुकड्यातुकड्यांनी. टँकरचा हॉर्न आणि त्यामागं धावणारी माणसं. प्लास्टिकच्या नळीसाठी झालेली मारामारी. तापलेल्या रस्त्यावर सांडलेलं पाणी आणि त्या सांडलेल्या पाण्यावरून शिव्या. "दीदी ने पानी बंद करवाया" हे वाक्य तर भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यासमोर रिकामे हंडे उलटे घालून ठेवलेले. कुणाचं नाव नाही, आवाज नाही, नुसते पालथे हंडे. माझी मुलगी रेवा कॉलेजला निघाली होती, ती माझ्या मागं सरकली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. "मम्मी, आप आज बाहर मत जाओ, प्लीज़." मी हंडे उचलून कडेला ठेवले आणि गेले. घरात बसले असते तर भीती जास्त वाटली असती. बाहेर निदान काही करायला होतं.

आणि एका दुपारी बिसाहिन आली.

"दीदी, चल तो. एक बेर तैं देख ले. मोर आँखी धोखा खावत हे का?"

साऱ्या वॉर्डाचे डोळे तपासून आलेली बाई मला तिच्या घरातले डोळे बघायला बोलावत होती. पूर्णिमा खिडकीपाशी बसली होती. पुढं ताट तसंच पडलेलं. अन्नाचा वास नको म्हणाली. मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. डोळे हळदीसारखे. मी मान वर केली तर बिसाहिन माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खोटं बोलावं, अशा आशेनं बघत होती.

"चला," मी म्हटलं, "गाडी काढायला सांगते."

अक्तीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या घरी पाणी उकळत होतं. सगळ्यात आधी त्यांच्याच घरी. पण पूर्णिमाला उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून बासीचे डोहाळे लागले होते, आणि सासू हौसेनं रोज भरलं ताट द्यायची. ते मागचे दिवस कुणाला परत उकळून घेता येत नव्हते.

इस्पितळात भाऊजी आमच्यासोबत आले. मोठ्या डॉक्टरांशी बोलून मला बाजूला म्हणाले, "वहिनी, ही कावीळ डोक्यात चढू शकते. तिले झोपू नका देऊ. बोलत राहा. उत्तर चुकीचं आलं, नाहीतर आलंच नाही, तं लगेच नर्सले सांगा." बिसाहिनचा मुलगा कारखान्याच्या कपड्यांतच धावत आला होता. तो पायथ्याशी उभा राहिला, त्याला बोलता येईना. बिसाहिननं देवाचं नाव घेणं सुरू केलं होतं. तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे आलं.

मी विचारत राहिले. तुझ्या गावाचं नाव काय? शाळेत कोण शिकवायचं? गावात तळी किती? ती तळ्यांची नावं सांगायला लागली. बंधवा तरिया, डबरी, शीतला तरिया. उन्हाळ्यात कुठलं आटतं, कुठल्यात कमळं येतात. आवाज हळू हळू खाली जायचा, मी पुन्हा विचारायची. एकदा ती मध्येच थांबली. मी म्हटलं, "आणि शीतला तळ्याच्या पलीकडे काय आहे ग?" ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कुणी अनोळखी आहे. मी ओरडतच बाहेर पळाले. अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, स्वतःच्या बाळंतपणातसुद्धा नाही.

बाळ अवेळी आलं. रडलं नाही. पूर्णिमा बरेच दिवस या काठावर, त्या काठावर होती, मग या काठावर राहिली. बाळाचं कळलं तेव्हा बिसाहिन बाकावर माझ्या शेजारी होती. ती मला शिव्या देईल, नगर निगमला देईल, देवाला देईल असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मैं तो सबो घर गे रहेंव, दीदी." मी तर सगळ्या घरी गेले होते. मी तिचा हात धरला.

रिपोर्ट आला, पाणी खराबच होतं. नाल्या खोदल्या, जुने पाईप काढले. इंजिनिअर साहेब स्वतः खड्ड्याच्या काठावर उभे राहून नवे पाईप नालीपासून दूर टाकून घेत होते. पुन्हा तपासणी झाली आणि एका सकाळी नळाला पाणी आलं. बायका भांडी घेऊन बाहेर आल्या, पण भरेना कुणी. नळ वाहत होता आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पेला भरला आणि प्याले. क्लोरिनचा उग्र वास होता, तरी पेला रिकामा केला. माझ्या मागोमाग रामलाल भैयाची बायको पुढं झाली, मग एकेक हंडा नळाखाली आला. त्यानंतर बरेच दिवस मी सकाळी उठून आरशात माझे डोळे बघत होते. घरच्यांना सांगितलं नाही.

लोक मला धीट म्हणायला लागले. मी धीट नव्हते. मला वाटतं, हजार घरांचं भलं कुणाच्या हातात द्यायचं, तर आधी तो माणूस भितो का ते बघावं. ज्याला सगळं ठीकच दिसतं, त्याला गल्लीतून चालतानाही पाईप दिसत नाहीत. पाच वर्षांत मी किती दिवे लावले, किती रस्ते केले, ते आता मलाही आठवत नाही. भीती तेवढी आठवते. ती अजून गेलेली नाही.

माझी मुदत संपली. सीट खुली झाली आणि आता आमचा पार्षद पंकज आहे, वयानं लहान, हुशार पोट्टा. चौकात त्याचे हसरे बॅनर असतात. फोन केला तर उचलतो, हा त्याचा मोठा गुण.

परवा पूर्णिमा आली. तिला पाचवा महिना आहे. ती आता पदराआड हसत नाही, पण तब्येत चांगली आहे. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "दीदी, नल के पानी पी सकथँव का?"

आतून आमच्या ह्यांनी आवाज दिला, "सांग ना तिले, पाईप नवीन आहे म्हणून." खरंच होतं. नवेच होते.

"उबाल के पी," तरी मी म्हटलं.

"हव." ती जरा थांबली. "कब तक, दीदी?"

आता माझ्याकडे शिक्का नव्हता. मी पंकजला फोन लावला. "दीदी, टेंशन मत लो," तो उत्साहानं म्हणाला, "अपने वॉर्ड का पानी एकदम बढ़िया है."

"कधी तपासलं होतं?"

"अब वो तो... डिपार्टमेंट करता ही होगा ना, दीदी."

"पंकज, बिसाहिनची सून माझ्यापुढं बसली आहे. पाचवा महिना आहे तिला. मी स्पीकर लावते. आत्ता जे मला म्हणालास, ते तिला सांग."

मी फोन टेबलावर ठेवला. पूर्णिमा पुढं वाकली. पलीकडून मोटारसायकलींचे आवाज येत होते, कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

मग आला तो आवाज वेगळाच होता, खाली गेलेला. "दीदी... उनको बोलो, अभी मत पीना. मैं आज ही जाँच के लिए बोलता हूँ. खुद आता हूँ घर पे."

पोट्टा घाबरला होता. मला एकदम हायसं वाटलं.